आतल्या खोलीपर्यंतची वायर

रविवार, १ ऑगस्ट १९९९

ऐकली! हेमाच होती. अर्ध्या तासात धड दहा मिनिटंही नाही, पण ऐकली. पोटच्या पोरीचा आवाज अडीच वर्षांनी — आणि तोही कॉम्प्युटरमधून.

उत्तम सकाळी लवकरच कळव्याहून आलेला. माझा धाकटा भाऊ, ठाण्याला कॉम्प्युटरच्या क्लासमध्ये शिकवतो. तिथलाच एक जुना कॉम्प्युटर त्याने परवा आणून बाहेरच्या खोलीत मांडलाय. आज फोनची वायर काढून त्याला जोडली. मग लाइन लागताना कॉम्प्युटरची किंकाळी. कुणी मांजराच्या शेपटीवर पाय दिल्यासारखी! मग बराच वेळ काहीच नाही. उत्तम म्हणाला, "ताई, तिकडून आवाज थेंब थेंब येतो. इथे थोडा साठला की वाजतो. साठा संपला की थांबतो." तसंच झालं. हेमा बोलली, थांबली. बोलली, थांबली. पडद्यावर आकडे चढत राहतात आणि आपण त्यांच्याकडे बघत बसायचं.

"हे चालू असेपर्यंत फोन एंगेज लागेल हं," उत्तम म्हणाला. मी म्हटलं, रविवारी सकाळी सात वाजता मला कोण फोन करतंय!

लक्ष्मीमुळे हे कळलं. हेमाची कॉलेजातली मैत्रीण, कल्याणला असते. गेल्या महिन्यात यांना बघायला आली आणि जाताना जिन्यात हळूच म्हणाली, "काकू, हेमा अमेरिकेत तिथल्या युनिव्हर्सिटीच्या रेडिओवर मराठी कार्यक्रम करते. तिकडे शनिवारी रात्री, म्हणजे आपल्याकडे रविवारी सकाळी सात. कॉम्प्युटरवर इथेही लागतो."

आवाज अगदी बारीक ठेवला होता. आतल्या खोलीचं दार लोटून घेतलेलं. हे जागे होते की नाही, कोण जाणे.

सोमवार, २ ऑगस्ट

दिवसभर एकच विचार. शपथ मोडली का मी?

हेमाने तिकडेच, बरोबर काम करणाऱ्या एका तेलुगू मुलाशी लग्न केलं आणि झाल्यावर फोनवर सांगितलं, तेव्हा यांनी मला देवासमोर उभं केलं होतं. "माझ्या गळ्याची शपथ घे. तिला फोन करायचा नाही, पत्र लिहायचं नाही, कुणाकरवी निरोप द्यायचा नाही." घेतली. दुसरं काय करणार होते? त्यानंतर तिचे फोन आले. यांनीच उचलले, यांनीच ठेवले. मग यायचे बंद झाले.

मे महिन्यात हे कंपनीतून आले आणि दारात चपला काढता काढता कोसळले. उजवं अंग गेलं. वाचा गेली. मानपाड्याच्या रंगाच्या कारखान्यात ज्यांचा आवाज मशीनच्या वर जायचा, ते आता फक्त 'अँ' करतात. पाणी हवं तरी अँ, कूस बदलायची तरी अँ.

ज्या गळ्याची शपथ घेतली, त्याच गळ्यातून शब्द फुटत नाही. आता सोडवणार कोण मला?

पण ऐकणं म्हणजे फोन नाही. पत्र नाही. निरोप नाही. ऐकायचं नाही असं हे म्हणाले नव्हते.

लक्ष्मीलाही मी बजावलंय — यांच्या आजाराचं हेमाला कळता कामा नये. ती उठून धावत यायची आणि तिला बघून यांचं काही कमीजास्त झालं तर?

रविवार, ८ ऑगस्ट

लाइनच लागली नाही. नुसती खरखर. किंकाळी, खरखर, किंकाळी, खरखर. साडेसात वाजले. संपलं.

रविवार, १५ ऑगस्ट

समोरच्या शाळेत झेंडावंदन. भोंगा थेट आमच्या गॅलरीकडे. मी स्पीकरला कान चिकटवून बसलेले. हेमा बटाटेवड्याबद्दल काहीतरी सांगत होती, तिकडे कुणीतरी वड्यात ब्रोकोली घातली म्हणून. स्वतःच हसली. मीही हसले — मोठ्याने!

आणि आतून 'अँ'.

धावत गेले. यांचं तोंड दाराकडे. नेहमी भिंतीकडे करून पडलेले असतात. डोळ्यांतून पाणी. पाणी पाजलं, नको. कूस बदलली, नको. पाठीला काही टोचतंय का, चादर चुरगळली का, सगळं पाहिलं. मग विचारलं, "हेमा ऐकू आली का हो?"

बघत राहिले माझ्याकडे. त्या बघण्यात काय होतं ते मला कळलं नाही. बत्तीस वर्षं संसार केला या माणसाबरोबर, आणि कळलं नाही.

मंगळवार, १७ ऑगस्ट

डॉक्टरांना विचारलं. म्हणाले, "या आजारात रडू येतं, हसूही येतं. त्याचा अर्थ लावत बसू नका."

मग कशाचा लावू?

शुक्रवार, २० ऑगस्ट

उत्तमला सांगितलं, यांच्या खोलीत आवाज न्यायचाय.

तो म्हणाला, "ताई, दाजींना नको असलं तर? त्यांना उठून बंद करता येणार नाही. नको म्हणता येणार नाही." खरं आहे. हेच तर माझ्या छातीवर बसलंय. पण हवं असलं, तर तेही त्यांना सांगता येणार नाही. बाहेर मी एकटी चोरून ऐकत बसते आणि हा माणूस दाराकडे तोंड करून पडलेला. हे मला बघवत नाही.

उत्तम म्हणाला, आधी कॅसेट भरून बघ. भरली होती गेल्या वेळची. टेपरेकॉर्डर स्पीकरपुढे धरून. कॅसेटवर भोंगाच जास्त, हेमा कमी.

रविवार, २२ ऑगस्ट

आज उत्तमने लांब वायर ओढली. कॉम्प्युटरपासून फ्रिजच्या मागून, चौकटीच्या वरून, आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटापर्यंत. कपाटावर स्पीकर ठेवला. यांना आधी सांगितलं — "हेमाचा कार्यक्रम लावतेय. नको असेल तर डोळे मिटा." डोळे मिटले नाहीत. उघडझाप मात्र केली. आता उघडझाप म्हणजे काय?

लावला. घुंऽऽऽ! भुंगा शिरल्यासारखा. फ्रिज सुरू झाला की भुंगा मोठा. ट्यूब लावली की आणखी मोठा. त्या घुंमधून हेमा कुठूनतरी विहिरीतून बोलावं तशी. यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि मान उशीवर इकडेतिकडे करायला लागले. मी पळत जाऊन बंद केलं.

आवाजाचा त्रास झाला की हेमाचा?

उत्तम कपाळ धरून बसला. "पातळ वायर आहे, रस्ता लांब. घरातला सगळा करंट ती गोळा करतेय. ताई, असं नाही जमायचं. आतही एक कॉम्प्युटर ठेवू. दोघांना जोडू. मग वायरीतून आवाज जाणारच नाही, नुसते आकडे जातील. आत गेल्यावर त्यांचा आवाज होईल."

मला काहीही समजलं नाही. कर म्हटलं.

गुरुवार, २६ ऑगस्ट

आज नाकातून घालायची नळी परत लागली. गिळताना ठसका लागत होता. चार माणसांचं ओझं एकट्याने उचलणारा माणूस.

काही लिहवत नाही.

शनिवार, २८ ऑगस्ट

घरात कॉम्प्युटरच कॉम्प्युटर! उत्तमने कुठल्याशा ऑफिसातून बाद केलेला आणखी एक आणलाय. पिवळा पडलेला, मागे धुळीचा थर. ओल्या फडक्याने पुसायला गेले तर उत्तम ओरडला.

दोघांच्या मध्ये काळी जाड वायर, टीव्हीच्या केबलसारखी. दोन्ही टोकांना बोटाएवढ्या टोप्या. त्या टोप्या नसतील तर म्हणे काहीच चालत नाही. दुपारभर तो जमिनीवर पालथा. हा कॉम्प्युटर त्याला ओळखेना, तो याला ओळखेना. "एकाच घरात राहून ओळख दाखवत नाहीत बघ," म्हणाला आणि मग एकदम जीभ चावली त्याने. मी चहा टाकायला उठले.

संध्याकाळी जुळलं. बाहेरच्यावर ठेवलेलं एक गाणं आतल्यावर वाजलं. स्वच्छ! भुंगा नाही, खरखर नाही. शेजारी कुणी बसून गातंय असं. हे टक लावून कपाटावरच्या स्पीकरकडे बघत होते. उत्तम म्हणाला, "बघ! दाजींना पसंत आहे." त्याला काय, तो पटकन अर्थ लावतो.

एक मात्र आहे. दोन्हीकडे एकदम लावायचं नाही. बाहेर फोनची लाइन एकच, ती दोघांना पुरत नाही. म्हणजे मलाही आता आत, यांच्याजवळ बसूनच ऐकायचं.

रविवार, २९ ऑगस्ट

बसले यांच्या उशाशी. हेमा आली. इतकी स्पष्ट की तिने श्वास घेतलेला कळला. सर्दी झालीय तिला.

पण थांबणं तसंच! घरातली वायर चांगली झाली, बाहेरची कुठे झालीय? उत्तम हात हलवत म्हणाला, "समुद्रापलीकडून डोंबिवलीपर्यंतचं मी काय करणार ताई?" त्याचाही चेहरा उतरला होता. महिनाभर राबलाय बिचारा.

आणि थांबावं तरी कुठे! गाणं संपलं, हेमा म्हणाली, "आमच्याकडे रविवार म्हणजे ताजी भाजी. माझे बाबा रविवारी उजाडताच कल्याणच्या बाजारात जायचे. मलाही न्यायचे. आणि तिथे बाबा मला —"

गेलं. आकडे. दहा टक्के. तीस टक्के. मी पडद्याला हात लावून म्हणते, चल ना रे बाबा, चल. उत्तम म्हणतो, हात लावून काय होणार. परत दहा टक्के. आवाज परत आला तेव्हा दुसरंच गाणं चालू झालं होतं.

बाबा मला काय? काय म्हणाली ती?

यांच्याकडे वळले. ते अजून स्पीकरकडेच बघत होते. वाट बघितल्यासारखे. मलाच तसं वाटलं असेल.

गुरुवार, २ सप्टेंबर

व्यायाम द्यायला येतात त्या बाईंनी एक युक्ती सांगितली. डावा हात हातात घ्यायचा. होय असेल तर एकदा दाबा, नाही असेल तर दोनदा.

"पाणी हवं?" एकदा दाबलं. नळी कालच काढलीय; पाणी दिलं, प्यायले. मला काय आनंद झाला! "उशी उंच करू?" एकदा. मग धीर करून विचारलं, "हेमाचा कार्यक्रम ऐकायला आवडतो?" एकदा! मी रडायलाच लागले.

मग त्या बाईंनी विचारलं, "काका, तुमचं नाव दौलत आहे?" स्वतःच्याच नावाला दोनदा दाबलं.

"तुम्ही बाई आहात?" एकदा.

त्या म्हणाल्या, "अजून होय-नाहीची सांगड बसलेली नाही. धीर धरा."

रविवार, ५ सप्टेंबर

अख्खा अर्धा तास न थांबता! कुठल्या देवाची कृपा ते माहीत नाही. मी यांचा हात धरून बसले. हेमाने लहान मुलांच्या कविता म्हणून दाखवल्या, तिथल्या कुणाची पत्रं वाचली. यांची बोटं हलत होती. तालावर की आपोआप? मी विचारायचं सोडून दिलं आज. नुसती बसले.

रविवार, १२ सप्टेंबर

आज काय झालं ते नीट लिहिते.

उद्या गणपती. नेहमीप्रमाणे सातला लावलं. आवाज ठीक होता. हेमा उकडीच्या मोदकांचं सांगत होती. तिथे तांदळाची पिठी कुठली मिळते वगैरे. तेवढ्यात दारावर धडाधड! समोरच्या केशरबाई. त्या मूळच्या इथल्याच, बिल्डिंग व्हायच्या आधी ही जागा त्यांची भातशेती होती. आम्हाला फोन मिळाला नव्हता तेव्हा आमचे निरोप त्यांच्याच फोनवर यायचे. पदर खोचलेला, हात पिठाचे, आणि ओरडतायत, "शालनताई, चल लवकर! तुज्या पोरीचा फोन हाय माझ्या घरा!"

मी म्हटलं, कुठली पोरगी?

"कुठली म्हंजे? तुला किती पोरी हायत? हेमा! अमेरिकेशी!"

अनवाणी गेले. रिसीव्हर कानाला लावला. "आई?" म्हणाली.

दोन्ही दारं उघडी होती. समोरून माझ्या घरातून हेमाच मोदकाच्या पारीला कळ्या कशा पाडायच्या ते सांगत होती, आणि कानात हेमा रडत होती.

"आई, मी महिनाभर दर रविवारी लावतेय. लक्ष्मीने ईमेल केली, आईला एकदा फोन कर एवढंच, का ते सांगेना. म्हटलं या वेळेला बाबा कल्याणला बाजारात असतात, तूच उचलशील. पण दर वेळेला एंगेज! बाबा रिसीव्हर काढून ठेवतात ना? मी फोन करेन म्हणून?"

"अगं, नाही गं! तूच लागलेली असतेस!"

"काय?"

"तुझा कार्यक्रम. कॉम्प्युटरवर. फोनच्याच लाइनवर येतो तो. आत्ता तू घरात बोलतेयस ना!"

तिला कळायला वेळ लागला. मग म्हणाली, "आई... ते आम्ही बुधवारीच भरून ठेवतो. मी घरी असते या वेळेला. फोनजवळ."

म्हणजे दर रविवारी मी तिचा आवाज ऐकायला लाइन अडवून बसले आणि ती तिकडे माझ्यासाठी नंबर फिरवत बसली! कुणाला सांगावं हे? हसतील.

मग विचारलंच तिने. "बाबा बाजारात गेलेत ना?"

सांगितलं. निरोप द्यायचा नाही अशी शपथ होती, आणि मी सगळं सांगितलं. पडले, उजवं अंग, वाचा, नळी. "मी येऊ?" म्हणाली.

आणि मला 'ये' म्हणता आलं नाही! यांनी नको म्हटलं होतं तेव्हा यांना बोलता येत होतं. आता बदललं असेल मन, नसेलही. मी काय सांगू तिला? म्हटलं, "डॉक्टरांना विचारते. पुढच्या रविवारी कर. लाइन मोकळी ठेवते."

मग आठवून विचारलं, "त्या दिवशी बाजाराचं सांगत होतीस. बाबा तुला काय...?"

"कुठल्या दिवशी? काय सांगितलं असेन गं, आठवत नाही आता."

परत आले तेव्हा कार्यक्रम संपला होता. केशरबाई माझ्या मागे आल्या, दारात उभ्या राहून यांच्याकडे बघत म्हणाल्या, "बोलव तिला. मानूस असेपरेत बोलवायचा."

सोमवार, १३ सप्टेंबर

गणपती बसवला. घरातला छोटा. आरती मी एकटीने म्हटली. यांची खाट दारासमोर ओढून घेतली, म्हणजे दिसेल.

आरती झाल्यावर हात हातात घेतला. "हेमाला बोलवू?"

एकदा दाबलं. मग लगेच दोनदा. मग नुसताच धरून ठेवला.

बुधवार, १५ सप्टेंबर

डॉक्टर म्हणाले, "एकदम धक्का बसेल असं काही करू नका."

"म्हणजे तिला आणू की नको?"

"ते तुम्ही घरच्यांनी ठरवायचं."

घरचे! घरचे म्हणजे मी. उत्तम म्हणतो, ताई तू सांगशील तसं. लक्ष्मी म्हणते, काकू तुम्ही ठरवा. अख्ख्या जन्मात मला कुणी काही ठरवायला दिलं नाही, आणि आता एकदम हे!

बोलवलं आणि यांना काही झालं तर मी मारलं. नाही बोलवलं आणि यांना काही झालं तर मी तोडलं. कुठून सुटका नाही.

शनिवार, १८ सप्टेंबर

गणपतीच्या मांडवातले भोंगे दिवसभर वाजतायत. हे दचकतात. कानात कापूस घातला. उद्या काय बोलू तिच्याशी?

रविवार, १९ सप्टेंबर

कॉम्प्युटरला हात लावला नाही. फोनची वायर फोनलाच ठेवली. अंघोळ करून फोनपाशी बसले.

सात वाजून गेले. आतून टण्. मग टण् टण् टण्! गेले तर हे डाव्या हाताने औषधाची वाटी खाटेच्या लोखंडी दांड्यावर आपटतायत. असं कधी केलं नव्हतं. भांडं हवं का पाहिलं, नको. पाणी नको. कूस बदलायला गेले तर हात झटकला. तोंड लाल. म्हटलं परत अॅटॅक येतोय की काय! केशरबाईंना हाक मारणार एवढ्यात वाटी भिरकावली त्यांनी. जोरात. कपाटावर जाऊन आदळली, स्पीकरच्या खाली.

आणि मग कपाटाकडे बघून 'अँ'. लांब. ओढून. परत तसंच.

रविवार. सात वाजून गेले. ती किंकाळी झाली नाही, हेमा आली नाही.

मी खाली बसले. आणि त्याच वेळेला बाहेर फोन वाजला.

"आई, काय आवाज येतोय?" हेमा म्हणाली. आत आता त्यांनी मूठच दांड्यावर आपटायला घेतली होती.

"तुझे बाबा. तुझा कार्यक्रम लावला नाही म्हणून."

तिचा श्वास ऐकू येत होता. इथे आत ठणठण चालूच.

मी म्हटलं, "ये."

"बाबा हो म्हणाले?"

"मी म्हणतेय. ये तू."

फोन ठेवून आत गेले. लगेच वायर काढून कॉम्प्युटरला लावली, लाइन लागेपर्यंत कार्यक्रमाची शेवटची पाच मिनिटं उरली होती. तेवढी लावली. यांचा हात थांबला. मूठ सोलवटली होती. हळद लावली.

डॉक्टरांनी अर्थ लावू नका म्हटलंय. मी आज लावला. चुकला असेल तर माझ्या डोक्यावर.

गुरुवार, २३ सप्टेंबर

तिकीट मिळालं म्हणून हेमाचा फोन आला. नऊ तारखेला. जावयांना रजा नाही, ती एकटीच येतेय. जावई हा शब्द आज पहिल्यांदा तोंडातून गेला. बोलून झाल्यावर कळलं.

यांना सांगितलं. काहीच नाही. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

घाबरले आहे मी.

रविवार, ३ ऑक्टोबर

आज कार्यक्रमात दुसरीच बाई. हेमा रजेवर. बोलायची छान, आवाज गोड, एकदाही थांबला नाही. यांनी थोडा वेळ ऐकलं आणि डोळे मिटून घेतले.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर

ताप. औषध दिलं, उतरला. डोळ्यांत ओळख कधी असते, कधी नसते. आज मला बघून घाबरले, मी कोण ते कळलं नसावं. हेमाला कसं ओळखणार? तिचे केसही आता कापलेले आहेत म्हणे.

उत्तम उद्या विमानतळावर जातोय. मी म्हटलं, नेटवर्क काढून टाक हवं तर, ती खोलीत राहील, वायरींचं जंजाळ कशाला. म्हणाला, राहू दे गं दोन दिवस.

शनिवार, ९ ऑक्टोबर

हेमा आली. खूप बारीक झालीय. हातपाय धुऊन तशीच आत गेली, खाटेशी बसली, यांचा हात घेतला. "बाबा."

यांनी मान वळवली. तिच्यापासून लांब, कपाटाकडे. स्पीकरकडे बघायला लागले.

"बाबा, मी हेमा. इकडे बघा ना." आवाज ऐकला की नजर स्पीकरकडेच. जवळ बसलेली पोर दिसेना त्यांना. हेमाने माझ्याकडे पाहिलं. मी तोंडात पदर कोंबला.

ती उठली. कपाटापाशी गेली. स्पीकर पाठीमागे येईल अशी उभी राहिली. तिथून म्हणाली, "बाबा, ऐकताय ना?"

बघत राहिले. किती वेळ, मला माहीत नाही. मग डावा हात उचलला.

तो खाली यायच्या आत ती पोचली.